भाच्याची बक्षिसं, वस्तादांचे तीस टक्के आणि सहीचा हक्क

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: भाचा सोळा वर्षांचा, कुस्ती खेळतो. वडील वारले, आईनं दुसरं लग्न केलं, तेव्हापासून सहा वर्षं तो मामाकडे आहे. गेल्या दोन हंगामांत मैदानांतून रोख बक्षिसं, एक बुलेट आणि सरकारी मानधन असं बरंच आलं. आता प्रोटीन पावडर बनवणारी एक कंपनी तीन वर्षांचा करार करायला आली आहे. वस्ताद म्हणतात, पालक म्हणून मी सही करतो, तीस टक्के माझे. चुलते म्हणतात, पोरगं आमच्या घराण्याचं, पैसा एकत्र कुटुंबाचा. मामा विचारतात, मी केलेला खर्च यातून घेऊ का? आणि त्या अमेरिकन फुटबॉलपटूसारखं आपल्याकडे होऊ नये म्हणून काय करू?

मामा, तुमच्या पत्रात पालक म्हणून चार माणसं उभी आहेत: तुम्ही, वस्ताद, चुलते आणि आईचा आताचा नवरा. कायद्यानं जी खरी पालक आहे तिला तुम्ही एका ओळीत उरकलंय. ती म्हणजे त्याची आई. सुरुवात तिथूनच करावी लागेल.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्याच्या कलम ६ प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. वडील गेले की आईच, मध्ये दुसरं कुणी येत नाही. ‘तिनं दुसरं घर केलं, तिचा हक्क संपला’ हे वाक्य मी कोर्टाच्या व्हरांड्यात शेकडो वेळा ऐकलंय. कायद्यात ते कुठेच नाही. धर्म सोडला किंवा संन्यास घेतला तर पालकत्व जातं, लग्न केल्यानं जात नाही. उलट त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सावत्र बापाला साफ बाहेर ठेवलंय. म्हणजे पुण्याचे पाहुणे, आईचे आताचे पती, बँकेत येऊन सही करायला लागले तर त्यांना चहा पाजा, पेन देऊ नका.

तुम्ही स्वतः कायद्याच्या भाषेत प्रत्यक्ष सांभाळणारे. मान मोठा आहे, अधिकार नाही. कलम ११ सरळ सांगतं की केवळ सांभाळ करतो म्हणून कुणालाही अज्ञानाच्या मालमत्तेची विल्हेवाट लावता येत नाही. वस्तादांनाही तेच लागू. चुलत्यांनाही तेच, पण त्यांचं प्रकरण थोडं वेगळं आहे, त्याकडे पुढे येतो.

म्हणून पहिलं काम, आईशी बोलणं सुरू करा. तुमच्या पत्रावरून दोन्ही घरांत येणंजाणं नाही असं दिसतं. कोर्टातून तुम्हाला पालक नेमून घेता येतं का? पालक आणि पाल्य कायदा १८९० चा, त्याखाली अर्ज होतो. पण आई हयात आहे आणि ती अपात्र नाही तोवर मुलाच्या देहाचा पालक म्हणून दुसऱ्याला नेमायला कलम १९ आडवं येतं. मालमत्तेचा पालक म्हणून आईच्या संमतीनं तुमची नेमणूक होऊ शकते. त्याला जिल्हा न्यायालयात अर्ज, नोटिसा, मग साक्ष, आणि सोळा वर्षांच्या मुलाला न्यायाधीश स्वतः विचारतात की बाळ, तुला काय वाटतं. हे सगळं होईस्तोवर पोरगं अठराचं होईल. आई सहीला तयार असेल तर कोर्टाच्या वाटेला जाऊ नका. ती नाहीच म्हणाली, किंवा नवऱ्याच्या दबावाखाली पैसा उचलायला लागली, तर मात्र उशीर करू नका.

एक कागद मात्र करू नका. पाचशेच्या स्टॅम्पवर ‘पालकत्व हस्तांतरण पत्र’ लिहून देणारे लोक तहसीलच्या बाहेर बसलेले असतात. पालकत्व म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचा टीटी फॉर्म नव्हे. आई तुम्हाला शाळेची, स्पर्धेची, प्रवासाची कामं करायला लेखी अधिकार देऊ शकते. पालकपण देऊन टाकू शकत नाही.

आता करार. हा भाग नीट वाचा, कारण कंपनीचा माणूस तुम्हाला जे सांगेल त्यातलं अर्धं इंग्लंडच्या कायद्यावरून आलेलं असतं.

अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिशकाळातल्या आपल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टानं, १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवलं आणि ते आजही तसंच चालतं. इंग्लंडमध्ये एक पळवाट आहे: करार एकंदरीत मुलाच्या हिताचा, शिक्षणाचा किंवा उपजीविकेचा असेल तर तो त्याला बांधतो. आणि गंमत म्हणजे तिथले गाजलेले निकाल खेळाडूंचेच आहेत. १९१३ सालच्या रॉबर्ट्स विरुद्ध ग्रे मध्ये एका अज्ञान बिलियर्ड्सपटूनं नामवंत खेळाडूबरोबरचा जगदौरा ऐन वेळी मोडला आणि त्याला १,५०० पौंड भरपाई द्यावी लागली, कारण मोठ्या खेळाडूबरोबर फिरणं हेच शिक्षण होतं. जॅक डॉयल या अज्ञान मुष्टियोद्ध्याची ३,००० पौंडांची रक्कम नियमभंगासाठी रोखली गेली आणि १९३५ मध्ये कोर्टानं ते योग्य ठरवलं. त्याच इंग्लंडमध्ये वेन रूनीनं पंधराव्या वर्षी एजंटाशी केलेला करार मात्र २००६ मध्ये टिकला नाही. एजंट त्याला खेळ शिकवत नव्हता, नुसते व्यवहार बघणार होता. तुमच्या वस्तादांपेक्षा त्या कंपनीच्या एजंटाला हा निकाल वाचून दाखवा.

आपल्याकडे ही पळवाटसुद्धा जवळजवळ बंद आहे, आणि ती बंद केली मुंबई उच्च न्यायालयानं. राजराणी विरुद्ध प्रेम अदिब, १९४९. निर्मात्यानं एका अज्ञान मुलीला चित्रपटात भूमिका द्यायचं कबूल केलं, करार तिच्या वडिलांशी केला, मग भूमिका दुसरीला दिली. मुलीनं दावा लावला आणि ती हरली. कोर्टाचं म्हणणं असं: मुलगी काम करीन म्हणाली, पण ती अज्ञान असल्यानं तिच्या शब्दाला कायद्यानं किंमत नाही, आणि वडिलांनी दिलेला शब्दही शेवटी तिच्याच श्रमांचा होता. मोबदलाच नाही तर करार कसला? ज्या कायद्यानं पोरीला वाचवायचं त्याच कायद्यानं ती हरली. मला स्वतःला हा निकाल कडक वाटतो, पण तो आहे, आणि तुम्हाला त्याच्यासकट चालायचंय.

याचा व्यवहारातला अर्थ असा. आईनं सही केली तरी ‘तीन वर्षं आमचाच लोगो, दुसऱ्याचा नाही’ हे कलम भाच्यावर बंधनकारक होत नाही. पण कंपनीनंही मधेच हात वर केले तर तुमच्या हातात फारसं काही राहत नाही. मात्र अज्ञानानं आपल्या वाट्याचं काम आधीच पुरं केलं असेल, तर त्याबदल्यात ठरलेला लाभ तो मागू शकतो. म्हणून तीन वर्षांचा करार नकोच. छोटे तुकडे करा: एवढे फोटो, एवढी मैदानं, आणि पैसे आधी, त्याच्या खात्यात. अठरावं पूर्ण झालं की जुना करार त्यानं ‘मान्य’ करूनही जिवंत होत नाही. नवा करावा लागतो, नव्या मोबदल्यावर. कंपनीला तुमचा पोरगा खरंच हवा असेल तर ती थांबेल.

कंपन्यांच्या वकिलांना हे सगळं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. म्हणून ते कराराच्या शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम घालतात: मुलानं करार पाळला नाही तर पालक स्वतः नुकसान भरून देतील. इथं आईची सही मुलाच्या वतीनं उरत नाही, ती तिची स्वतःची होते. असा जामीन देणाऱ्यालाच मूळ देणेकरी धरल्याचे निकाल मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून आहेत. सगळा करार इंग्रजीत असला तरी इंडेम्निटी हा शब्द शोधा आणि ते कलम खोडायला लावा. खोडत नसतील तर उठा.

आणि माल प्रोटीन पावडरचा आहे म्हणून एक आगाऊ सल्ला, जरी तुम्ही विचारला नाही. डोपिंगमध्ये ‘डब्यात काय होतं ते मला माहीत नव्हतं’ यावर सुटका होत नाही. शरीरात काय सापडलं त्याला खेळाडू जबाबदार. जो डबा तो जाहिरातीत हातात धरणार, तो त्यानं प्यायलाच पाहिजे असं करारात असेल तर पैसे कितीही असोत, नको म्हणा.

आता वस्ताद. तालमीत वस्तादाची जागा काय असते ते मी या पट्ट्यात राहतो म्हणून मला सांगायला नको. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे इथलं प्रत्येक पोर ऐकत मोठं होतं. त्या व्यवहारात टक्केवारी नव्हती. तुमच्या वस्तादांनी सहा वर्षं पहाटे चारला उठून मेहनत घेतली असेल तर त्यांना द्या, मन मोठं ठेवून द्या. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शिकवण्याचा मोबदला हा एक भाग, तो महिन्याला ठरवून, पावती घेऊन, आईच्या संमतीनं देता येतो. पालक म्हणून सही हा दुसरा भाग, तो त्यांना मिळू शकत नाही. एकाच माणसानं तालीमही घ्यायची, करारही करायचा, पैसाही ठेवायचा आणि हिस्साही काढायचा, हे चांगल्या माणसालासुद्धा बिघडवतं.

ओडिशाचा बुधिया सिंग आठवतो का? २००६ च्या मे महिन्यात चार वर्षांचं ते पोर पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर धावलं, सात तास दोन मिनिटांत. बाप नव्हता, आई गरीब, आणि ज्यूदो प्रशिक्षक बिरंची दास यांनी त्याला घरी आणून वाढवलं. तेच गुरू, तेच पालक, कार्यक्रम ठरवणारेही तेच. मग बालकल्याण समिती, डॉक्टरांच्या तपासण्या, लांब पल्ल्याच्या धावण्यावर सरकारी बंदी. २००७ मध्ये आईनंच प्रशिक्षकावर छळाची तक्रार केली, अटक झाली. दास आरोप नाकारत राहिले, आणि २००८ च्या एप्रिलमध्ये त्यांचा एका वेगळ्याच वादातून खून झाला. बुधिया सरकारी क्रीडा वसतिगृहात गेला. कोण खरं होतं यावर अजून लोक भांडतात. मला त्यात एवढंच दिसतं की त्या पोराच्या नावे आलेल्या पैशांवर आणि निर्णयांवर नजर ठेवणारं तिसरं कुणी सुरुवातीपासून नव्हतं. सरकार आलं तेव्हा उशीर झाला होता.

चुलत्यांचा मुद्दा ऐकायला वजनदार, कायद्यात पोकळ. ‘घरच्या शेतीच्या पैशावर पोरगं पैलवान झालं, म्हणून त्याची कमाई घराची.’ कधीकाळी हे खरंच चाललं असतं. १९२१ मध्ये गोकलचंद विरुद्ध हुकूमचंद या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं एका आय.सी.एस. अधिकाऱ्याची कमाईसुद्धा एकत्र कुटुंबाची ठरवली, कारण त्याच्या विलायतेतल्या शिक्षणाला घरचा पैसा लागला होता. त्यावर बराच आरडाओरडा झाला, आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी लावून धरल्यावर १९३० साली हिंदू विद्याधन कायदा आला. त्याप्रमाणे विद्येच्या जोरावर मिळवलेलं धन हे मिळवणाऱ्याचंच, शिक्षणाचा खर्च घरानं केला असला तरी. आणि विद्या म्हणजे फक्त शाळा-कॉलेज नव्हे. व्यवसाय करता यावा म्हणून घेतलेलं कुठलंही प्रशिक्षण त्यात येतं. लाल मातीतलं प्रशिक्षण त्यात बसतं की नाही यावर वाद घालणारा वकील मिळेल, पण मी चुलत्यांच्या बाजूनं तो दावा घेणार नाही.

खरं विचारू का? चुलत्यांचा डोळा बुलेटवर आहे की सातबाऱ्यावर? वडील वारल्यावर त्यांच्या हिश्श्याला भाच्याचं नाव लागलंय का, आणि त्याच्यापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून कुणाचं नाव आहे, हे उद्याच तलाठ्याकडे जाऊन बघा. अ.पा.क. म्हणून चुलत्यांचं नाव चढलेलं असेल तर आईचा अर्ज द्या. मुलाच्या स्वतंत्र हिश्श्याची जमीन आईसुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकू किंवा गहाण टाकू शकत नाही, १९५६ च्या पालकत्व कायद्याचं कलम ८. विकली तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत तो व्यवहार रद्द करून मागता येतो. न विभागलेल्या एकत्र हिश्श्याला मात्र हे संरक्षण तसंच लागू होत नाही, तिथं कर्ता, म्हणजे एकत्र कुटुंबाचा कारभारी, म्हणून चुलत्यांना बरंच काही करता येतं. म्हणून फेरफार आधी बघा, बाकी नंतर.

तुमच्या खर्चाचं सांगतो, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. करार कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे अज्ञानाला त्याच्या परिस्थितीला साजेशा गरजेच्या वस्तू पुरवणाऱ्याला त्याच्या मालमत्तेतून खर्च मागता येतो. खुराक, बदाम, दूध-तूप, फिजिओ, स्पर्धेचा प्रवास हे त्यात मांडता येईल, पावत्या असतील तर. पण सहा वर्षं भाचा म्हणून जेवू घातला, शाळेला घातला, तो खर्च आता पैसे दिसल्यावर बिल म्हणून मांडला तर कोर्ट पहिला प्रश्न विचारेल: तेव्हा परत घ्यायच्या बोलीनं केला होता का? नव्हता. मायेनं केला. त्याची वसुली होत नाही, आणि माझं मत विचाराल तर करूही नये. यापुढचा खेळावरचा खर्च मात्र त्याच्याच पैशातून करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. रोजच्या खर्चाची वही ठेवा, महिन्याला आईला व्हॉट्सॲपवर त्या पानाचा फोटो पाठवा. तिनं बघितला नाही तरी चालेल, पाठवलेला राहतो.

वहीवर एवढा जोर का, ते एका प्रकरणावरून सांगतो. खो-खो खेळणारी एक मुलगी, अठराव्या वाढदिवसानंतर आठ दिवसांनी माझ्या ऑफिसात आली. पासबुकात अकराशे रुपये. चार वर्षांची बक्षिसं बापानं काढलेली. बापाला बोलावलं. माणूस चोर नव्हता. थोरल्या बहिणीचं लग्न, एक म्हैस, विहिरीचं काम, आणि त्यातलेच पैसे तिच्या बुटांना आणि प्रवासालाही. त्याला स्वतःला सांगता येईना की तिच्यावर किती गेले आणि घरावर किती. हिशेब असता तर निम्मं भांडण तिथंच मिटलं असतं. नव्हता, म्हणून तिला वाटत राहिलं की सगळंच खाल्लं. दोन वर्षं बापलेक बोलत नव्हते. शेवटी तडजोड झाली, पण ती कागदावर.

बँकेचं असं करा. दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या एप्रिलमध्ये सगळ्या बँकांना दिली आहे. मर्यादा बँक ठरवते. छोट्या रकमेसाठी असं एक खातं असू द्या, सोळा वर्षांच्या पोराला स्वतःच्या कमाईतले दोन हजार काढता आले पाहिजेत. मोठी रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत, पालक म्हणून आई, आणि मुदत अठराव्या वाढदिवसानंतरची. खेलो इंडियात निवड झाली असेल तर वर्षाला १ लाख २० हजार किरकोळ भत्ता थेट खेळाडूच्या खात्यात येतो, त्याला तुमच्या खात्याचा नंबर देऊ नका. हे मी बघितलंय म्हणून सांगतो.

किती रक्कम हात न लावता ठेवायची, याला चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी नियम आहे. बालमजुरी कायद्याच्या २०१७ च्या नियमांत बाल कलाकाराच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत घालायचे असतात, आणि त्या कायद्यातल्या कलाकाराच्या व्याख्येत खेळाडूही येतो. हे कुस्तीच्या मैदानात कुणी पाळल्याचं मी पाहिलेलं नाही. कॅलिफोर्नियात असाच जुना कायदा आहे, तिथं पंधरा टक्के. तुमचा भाचा सोळाचा, त्याला आपला नियम लागत नाही. मी अशा घरांना निम्मे सांगतो. निम्मे खेळाला, निम्मे कुलपात.

कर हा एक विषय जिथं बातमी चांगली आहे. अज्ञान मुलाचं उत्पन्न एरवी आईबापाच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या कौशल्यानं, अंगमेहनतीनं मिळवलेलं नाही. १९६१ च्या कायद्यात ते कलम ६४(१अ) च्या परंतुकात होतं, नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. म्हणजे त्याच्या नावे पॅन काढा, विवरणपत्र त्याच्या नावे, सही आईची. मात्र त्याच पैशाच्या ठेवीवरचं व्याज आईच्या उत्पन्नात धरलं जाऊ शकतं, ते तुमच्या सीएला विचारा आणि आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर पुण्याला नोटीस गेल्यावर पाहुणे तुम्हाला फोन करतील.

राहिली तुमची अमेरिकन गोष्ट. मायकेल ओहर, मेम्फिसचा. गरिबीतून आलेला, ट्युही कुटुंबानं घरी ठेवलेला मुलगा, पुढे २००९ मध्ये बाल्टिमोरच्या संघानं खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत घेतला, त्याच्यावर पुस्तक निघालं, ऑस्कर मिळालेला चित्रपट निघाला. सगळ्या जगाला वाटत होतं की त्याला दत्तक घेतलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यानं टेनेसीच्या शेल्बी काउंटीच्या न्यायालयात अर्ज केला की दत्तक वगैरे काही नव्हतं. २००४ मध्ये, तो अठरा वर्षांचा झाल्यावर, त्याच्याकडून कन्झर्व्हेटरशिपचे कागद करून घेतले होते. ही व्यवस्था असते स्वतःचे निर्णय घेता न येणाऱ्या प्रौढांसाठी. सप्टेंबरअखेर न्यायाधीश कॅथलीन गोम्स यांनी ती संपवली आणि म्हणाल्या की ४३ वर्षांच्या कारकिर्दीत, अपंगत्व नसलेल्या माणसावर अशी व्यवस्था लादलेली मी पाहिली नाही. पैशाचा वाद मात्र त्यांनी पुढे चालू ठेवला. कुटुंबाचं म्हणणं, आम्ही त्याच्या खेळाच्या पैशाला कधी हात लावला नाही, आणि चित्रपटाचे पाच जणांत सारखे वाटले, त्यालाही सुमारे १ लाख ३८ हजार डॉलर मिळाले. मी इथं बसून निकाल देत नाही. पण बघा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे एकोणीस वर्षं तो स्वतःच्या कागदाचं नाव चुकीचं समजत होता.

आपल्याकडे असं होईल का? त्या रूपात नाही. अठरावं पूर्ण झालं की पालक संपला. गंभीर मानसिक किंवा बौद्धिक अपंगत्व असेल तरच पुढे पालक नेमतात. आणि उलट बाजूनं, अमेरिकेत डॉमिनिक मोचियानूनं केलं तसंही आपल्याकडे होत नाही. ही ऑलिंपिक सुवर्णपदक विजेती जिम्नॅस्ट, आईबापांनी तिच्या कमाईची वाट लावली असं म्हणत १९९८ मध्ये सतराव्या वर्षी टेक्सासच्या कोर्टात गेली आणि वेळेआधी सज्ञान ठरली. आपल्याकडे पोराला अठरावं पूर्ण होईस्तोवर थांबावं लागतं, किंवा वादमित्रामार्फत, म्हणजे त्याच्या वतीनं उभ्या राहणाऱ्या सज्ञान माणसामार्फत, दावा लावावा लागतो.

आपल्याकडची कन्झर्व्हेटरशिप वेगळ्या नावानं येते: कुलमुखत्यारपत्र. अठराव्या वाढदिवसाच्या आठवड्यात कुणीतरी, बहुतेक वेळा प्रेमानं, पोराला दुय्यम निबंधकाकडे घेऊन जातं. ‘तू खेळाकडे बघ, कागदांचं आम्ही बघतो.’ सगळे अधिकार, सगळ्या बँका, सगळे करार, एका सहीनं. दहा वर्षांनी पोरगं माझ्यासमोर येऊन विचारतं की हे रद्द होतं का. होतं, बहुतेक वेळा, पण तोवर त्या पत्राच्या जोरावर झालेले व्यवहार उलटत नाहीत. भाच्याला आजच सांगून ठेवा: मुखत्यारपत्र द्यायचंच तर एका कामाचं, मुदतीचं, आणि रद्द केलं तर बँकेला लेखी कळवायचं. हे तो तुमच्यासमोर तुमच्याबद्दलही वापरेल, त्याचा राग धरू नका.

आणि आईनं किंवा पूर्वी कुणी गैरवापर केला असेल तर हिशेबाचा दावा लावायला त्याला साधारण एकविसाव्या वाढदिवसापर्यंत वेळ आहे. त्यानंतर दार बंद.

बुलेटचं शेवटी ठेवलं होतं. मैदानाच्या कमिटीनं ती कुणाच्या नावे दिली ते बघा. भाच्याच्या नावे नोंदवली तर मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत मालक म्हणून पालक धरला जातो, म्हणजे आई. तुमच्या नावे नोंदवली असेल तर कागदोपत्री बक्षीस तुमचं झालं, ते दुरुस्त करा किंवा आजच्या बाजारभावानं रक्कम त्याच्या खात्यात भरून पावती ठेवा. आणि सोळाव्या वर्षी त्यानं ती गावातून फिरवली तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. मैदानात शंभर किलोच्या गड्याला चितपट करणाऱ्या पोराला किल्ली नाही म्हणणं अवघड आहे, मला माहीत आहे. तरी ती तुमच्या कपाटात ठेवा, आणि रविवारी आईला फोन लावा.